किनाऱ्याची रेघ

सिस्टरने मांडीवरच्या पट्टीवर उमटलेल्या डागाभोवती निळ्या पेनाने भराभर रेघ ओढली आणि पेन चादरीवरच टाकलं.

"आजी, डाग या रेघेबाहेर आला तर लगेच हाक मारा."

आजोबांच्या खुब्याचं ऑपरेशन ताजं होतं, त्यात रक्ताची गुठळी फुफ्फुसात जाऊन अडकली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. गुठळी विरघळवली नाही तर जीव जाईल; विरघळवली तर जखम वाहू लागेल. आजींनी होकार दिला होता. आता गुठळी विरघळवणारं औषध नळीतून उतरत होतं.

आजोबांची तंद्री लागली होती. दुपारचं ऊन पडद्यातून पाझरत होतं, ऑक्सिजनच्या बाटलीत बुडबुडे उठत होते. जन्मभर नकाशे काढलेल्या या माणसाला आपला पलंग संथ पाण्यावर तरंगतोय असं वाटत होतं. मांडीवर एक तांबूस बेट होतं.

"हा किनारा कुणी काढलाय गं?" ते पुटपुटले. "अगदीच गबाळा."

"गप्प पडून राहा बघू. इथेही लोकांच्या चुका काढताय!"

आजी लेकीला फोन करायला दाराशी गेल्या. परत आल्या तेव्हा आजोबा गालातल्या गालात हसत होते. डाग रेघेच्या आतच होता. आजींचा जीव भांड्यात पडला.

मग त्या पुन्हा वाकल्या. रेघ फार सुबक होती, प्रत्येक वळण जपलेली. लग्नाआधी याच हाताने त्यांना आपल्या घराचा रस्ता कागदावर काढून दिला होता. पेन आजोबांच्या बोटांत होतं.

"सिस्टर! ही रेघ तुमची नाही, यांची आहे!"

सिस्टरची रेघ डागाखाली बुडून गेली होती. औषध थांबलं, धावपळ झाली, डॉक्टर जखम दाबून उभे राहिले.

"वेळेवर हाक मारलीत," शेवटी ते म्हणाले. "औषध बरंचसं आत गेलंय. श्वासही सुधारलाय."

आजींना रडू आवरेना.

"अहो, असं का केलंत?"

"पाणी पुढे आलं होतं," आजोबा झोपेतच बोलले. "नकाशा खोटा ठेवायचा का?"

नव्या पट्टीवर पुन्हा एक छोटा डाग उमटला. या वेळी आजींनीच पेन मागून घेतलं. डागाभोवती त्यांनी घाईघाईने रेघ ओढली.

"वाकडी आलीय," आजोबांनी एक डोळा उघडला.

"असू दे वाकडी. हात लावाल तर याद राखा."

ऊन पलंगावरून खाली उतरलं. आजी पेन मुठीत धरून बसल्या होत्या, आणि पाणी त्या वाकड्या किनाऱ्याच्या आतच होतं.