शुद्ध-अशुद्ध

मुलाखतीत एकदा जरी तोंडातून ‘शे’ निसटलं तरी गावंढळ ठरशील, असं क्लासच्या सरांनी सांगितलं आणि भूपेंद्रनं त्याची खूणगाठ बांधली. शिरपूरच्या अभ्यासिकेत बसून त्यानं नोट्स काढल्या. डावीकडे अशुद्ध, उजवीकडे शुद्ध. ‘शे’ खोडून ‘आहे’, ‘बठ्ठं’ खोडून ‘सगळं’, ‘माय’ खोडून ‘आई’. तेवढ्यानं भागलं नाही. जिभेला वळण लागावं म्हणून त्यानं अमळनेरकडच्या खेड्यात एकट्या राहणाऱ्या आईलाही फर्मान सोडलं, की माझ्याशी फोनवर शुद्धच बोलायचं. भागाबाईला उभ्या जन्मात अहिराणीशिवाय दुसरं काही बोलावंच लागलं नव्हतं. तिचं बोलणं आटत गेलं. लेकानं पढवलेली चार वाक्यं तेवढी उरली.

परवा संध्याकाळी तिचा फोन आला. "भूपेन, मन्ही छातीमा..."

"आई, शुद्ध!" तो खेकसला.

पलीकडे ती नुसतीच धापा टाकत राहिली. शब्द शोधत असेल, त्याला वाटलं. मग एकेक शब्द जुळवत ती म्हणाली, "सगळं ठीक आहे."

"शाब्बास!" म्हणून त्यानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या इंदिराबाईंचा फोन आला. "भूपेन, तुन्ही माय गई रे! काल सांजपासून छाती दुखी राह्यनी व्हती. तुले सांगं नही का तिनी?"

भरल्या अभ्यासिकेत भूपेंद्रनं हंबरडा फोडला, "माय वं!"

समोर वही उघडीच होती. तो शब्द त्यानंच डावीकडे लिहून खोडला होता.