साहेबांचा पाळणा

साहेबांचा जन्म ज्या घरात झाला ते घर सरकारनं जपायला घेतलं, तेव्हा त्यात जपण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. साहेब लहान असतानाच त्यांच्या वडिलांनी भांड्याकुंड्यांसकट बिऱ्हाड हलवलं होतं. पुढं तिथं कुणी कोळसा साठवला, कुणी सायकली दुरुस्त केल्या. साहेब देशाच्या सगळ्यात वरच्या खुर्चीत जाऊन बसले, तेव्हा कुठं त्या भिंतींना रंग मिळाला. दारावर पाटी आली, तिकिटाची खिडकी आली आणि माहिती सांगायला माझा धाकटा भाऊ आला.

त्याला आम्ही बारक्या म्हणतो. अंगानं तो दारात मावत नाही, पण शेंडेफळ ते शेंडेफळच. आई गेली तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. न्हाऊमाखू घालून मीच त्याला वाढवला. बोलण्यात पहिल्यापासून पटाईत. आमचे वडील सुतार, अगदी अबोल. ते म्हणायचे, माझ्या वाट्याचंही हाच बोलून टाकतो.

उद्घाटन आठवड्यावर आलं आणि घोडं अडलं. म्युझियमच्या मॅडमनी शेगडी मांडली, कंदील टांगला, कुठून तरी जुना पलंगही मिळवला. पण जन्मघर म्हणायचं आणि पाळणा नाही, हे कसं दिसेल?

"ताई, तुझा पाळणा दे ना," बारक्या म्हणाला. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे. साहेब येतील, फोटो निघतील. दुसऱ्या दिवशी मी स्वतः आणून देतो."

"चादरीत गुंडाळून ने. आणि कठड्याला कुणाला रंग लावू देऊ नकोस."

"हे तू मला सांगतेस?"

खरंच, त्याला सांगायची गरज नव्हती. तो पाळणा वडिलांनी माझ्यासाठी केला. नंतर त्यात बारक्या झोपला आणि त्यानंतर माझा मुलगा. त्याला दात येत होते तेव्हा तो उठून बसायचा आणि कठडा कुरतडायचा. बारक्यानं त्याचं नाव उंदीर ठेवलं. कामावरून आला की हातपाय धुऊन तो आधी पाळण्याशी बसायचा. "उंदीरराव, लाकूड सोडा, हे खा," म्हणायचा आणि आपला अंगठा पुढं करायचा. उंदीर दोन वर्षांचा व्हायच्या आत तापानं गेला. माझ्याकडे त्याचा फोटोसुद्धा नाही. कठड्यावर त्याच्या दातांच्या खुणा आहेत, तेवढ्याच. त्यांवरून बोट फिरवलं की तो मला सापडतो.

उद्घाटनाला साहेब आले. फार थकले होते, दोघांनी धरून आणलं त्यांना. मी मागं गर्दीत होते. पाळण्यापाशी ते थांबले, वाकले, कठड्यावरून हात फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले. "हे माझे दात," ते म्हणाले. त्यांना मी दोष देत नाही. म्हातारपणी आपल्या जन्माच्या घरात गेल्यावर माणसाला आपलं काहीतरी सापडायला हवंच असतं. त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या बारक्याकडे बघितलं, आणि बारक्या म्हणाला, "होय साहेब, तुमचेच."

मला तेव्हा हसू आलं. वाटलं, म्हाताऱ्याचं मन राखलं पोरानं, बरं केलं. घरी जाऊन मी पाळण्याची जागा झाडून ठेवली.

ती जागा रिकामीच राहिली. भरल्या डोळ्यांच्या साहेबांचा फोटो सगळ्या पेपरांत आला आणि लोक पाळणा बघायला रांगा लावू लागले. बारक्या आज आणतो, उद्या आणतो म्हणत राहिला. मग त्याची नोकरी पक्की झाली, पितळी बटणांचा कोट मिळाला. मग साहेब गेले. "आता लगेच कसा मागायचा, ताई? लोक रडतायत तिथं," तो म्हणाला. मी तेही ऐकून घेतलं. आमचे हे म्हणाले, "तुझ्या भावानं तोंडाला पानं पुसली तुझ्या." मी त्यांच्याशीच भांडले.

पण या वर्षी लेकीला दिवस गेले. उंदरानंतर झालेली ती, तीही त्याच पाळण्यात वाढलेली. "आई, मला दुकानातला नको," एवढंच ती म्हणाली. मी उठले आणि थेट मॅडमच्या ऑफिसात गेले.

मॅडमनी बसायला खुर्ची दिली, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "पण तो तुमचाच, हे कशावरून?"

"उलटा करून बघा. तळाची फळी पिचली तेव्हा वडिलांनी आमच्या दुकानाच्या जुन्या पाटीचा तुकडा बसवला होता. निळी अक्षरं आहेत त्यावर."

त्यांनी बारक्याला बोलावलं आणि माझ्यासमोरच विचारलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "पाळणा साहेबांच्या नातेवाइकांकडून आलाय, मॅडम. ताईचं मनावर घेऊ नका. तिचं मूल गेलं ना, तेव्हापासून तिला अधूनमधून असं होतं."

मॅडमच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल दया आली. मार खाल्ला असता मी, पण ती दया नको होती. तरी त्या बाईनं पाळणा उलटा करून घेतला. तळाला अक्षरं नव्हती. फळी तासून स्वच्छ केलेली होती, आणि तिच्यावर लांबच लांब एक बारीक रेघ होती. वडिलांच्या रंध्याच्या पात्याला एक खाच आहे, तिची ती रेघ. तो रंधा बारक्याच्या घरी असतो.

मी तोंड उघडलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. घरात त्याची बायको आहे, दोन मुली आहेत. आपलेच दात, आपलेच ओठ. "माझीच काहीतरी चूक झाली असेल," मी मॅडमना म्हणाले आणि बाहेर आले.

पाळणा परत जागेवर ठेवला होता. वाटेत तो लागलाच, म्हणून लोकांना अडवायला बांधलेल्या दोरीवरून हात लांब करून मी कठड्याला बोट लावलं. एवढ्यात बारक्या नवा घोळका घेऊन खोलीत आला.

"बाई, वस्तूंना हात लावायचा नाही," तो म्हणाला. मी हात मागं घेतला. मग तो लोकांकडे वळला.

"या खुणा बघा. दात येत होते साहेबांना. घरात लाडानं त्यांना उंदीर म्हणायचे. मामाचा फार जीव होता त्यांच्यावर. तो कामावरून यायचा, हातपाय धुऊन आधी पाळण्याशी बसायचा आणि म्हणायचा, उंदीरराव, लाकूड सोडा, हे खा."

त्यानं आपला अंगठा पुढं केला. लोक हसले. बारक्या मात्र त्या अंगठ्याकडे बघत राहिला, आणि पुढचं बोलताना त्याचा गळा दाटून आला. तो आवाज खोटा नव्हता. मी वाढवलंय त्याला, मला कळतं.

इतके दिवस मी मनाची समजूत घालत होते की तो विसरला असेल. विसरला असता तर मी त्याला माफ केलं असतं.