स्प्रिंग संपली म्हणून

मी एक जुना रबरबँड आहे आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, मित्रांनो, मला स्प्रिंगचा फार हेवा वाटायचा. पोटदुखी म्हणा, जळफळाट म्हणा, नाव काहीही द्या. तुम्हीही काही कमी नाही. कोणी चटकन उठून कामाला लागलं की म्हणता, "अंगात स्प्रिंग बसवलीय जणू." आणि कोणी गोष्ट लांबवत बसलं की म्हणता, "किती रबर ताणशील?" चपळाईला ती आणि कंटाळ्याला मी, हा कुठला न्याय?

माझा जन्म झाडाच्या पांढऱ्या चिकातून झाला. तेव्हा मी उन्हात चिकट व्हायचो, थंडीत कडक व्हायचो आणि ताणलं की बराचसा ताणलेलाच राहायचो. माझ्या आत रेणूंच्या लांबच लांब साखळ्या आहेत. टोपलीत टाकलेल्या लोकरीसारख्या त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, फक्त ही लोकर क्षणभरही स्वस्थ बसत नाही. कारखान्यात मला गंधक घालून तापवलं, तेव्हा गंधकाने त्या साखळ्यांना मध्येमध्ये एकमेकींशी बांधून टाकलं. तेव्हापासून त्यांना हवं तेवढं वळवळता येतं, पण एकमेकींना सोडून निसटता येत नाही.

मला ताणलं की या साखळ्या सरळ होऊ लागतात. शाळेत मुलांना रांगेत उभं करतात ना, तसंच. रांगेत उभं राहायची रीत एकच, गोंधळ घालायच्या रीती मात्र अगणित. म्हणून शिक्षकांची पाठ वळली की रांग मोडते. मुलांना कोणी ओढत नाही, त्यांची चुळबुळच त्यांना पांगवते. मी परत आखडतो तो असाच. माझं सगळं बळ म्हणजे ही आतली चुळबुळ. स्प्रिंगचे अणू आपापल्या जागी शिस्तीत बसलेले असतात आणि जरा हलवलं की पुन्हा त्याच जागेवर यायला बघतात. शिस्तीच्या पोरी सगळ्यांनाच आवडतात.

माझी नेमणूक एका दवाखान्यात झाली. दुखावलेल्या हातांना व्यायाम देणाऱ्या एक बाई तिथे होत्या, त्यांना सगळे ताई म्हणत. एके दिवशी त्यांच्याकडे फ्रेमवाल्या काकू आल्या. फोटोंना चौकटी करून देणं हा काकूंचा आणि त्यांच्या मोठ्या जाऊबाईंचा धंदा. काच कापताना काकूंच्या उजव्या तर्जनीला वाकवणारी कंडरा तुटली होती. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. डॉक्टरांनी ती शिवली होती, पण शिवण ओली होती. बोट न हलवावं तर ते धरून बसणार, आणि स्वतःच्या जोराने वाकवावं तर शिवण सुटणार.

त्यावर ताईंची युक्ती होती. त्यांनी काकूंच्या हाताच्या पाठीवर प्लास्टिकचा साचा बसवला, नखावर एक आकडी चिकटवली आणि आकडीपासून तळहाताच्या बाजूने मनगटापर्यंत मला ताणून बांधलं. काकूंनी बोट साच्याला टेकेपर्यंत सरळ करायचं आणि सोडून द्यायचं, मग मी ते ओढून वाकवायचं. म्हणजे शिवणीवर भार न पडता बोट हलतं राहणार.

"खरं तर स्प्रिंगच लावणार होते," ताई म्हणाल्या. "पण संपल्यात. तोवर हा चालवून घेऊ."

तोवर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"प्रत्येक वेळी बोट साच्याला टेकलंच पाहिजे हं, काकू. नाहीतर सांधा वाकडाच राहील, कायमचा."

काच कापणारीची तर्जनी वाकडी राहिली तर काचेवर रेघ ओढणाऱ्या हिरकणीवर दाब कोण देणार? काकूंनी मान हलवली, पण चेहरा उतरला होता.

दिवस थंडीचे होते आणि सकाळी काकूंचं बोट कुरकुरायचं. जाऊबाईंनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. त्यांचा सारा जन्म चौकटी चिकटवायचा सरस तापवण्यात गेला होता. घट्ट झालेला सरस चुलीवर ठेवला की पातळ होतो, हे त्यांना पाठ होतं.

"अगं, हा थंडीनं आखडलाय, सरसासारखा," त्या म्हणाल्या. "शेकला की सैल पडेल बघ."

आणि व्यायामाआधी त्या गरम पाण्याची पिशवी माझ्यावर ठेवू लागल्या. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी बोललो असतो. सरस तापला की सैल होतो, पण ताणलेला मी तापलो की आतली चुळबुळ वाढते आणि मी जास्तच ओढतो. फार नाही, थोडंसंच. पण नुकत्याच शिवलेल्या बोटाला तेवढं पुरतं. काकूंचं बोट साच्याच्या अलीकडेच थांबू लागलं. जाऊबाईंनी पिशवी आणखी गरम केली.

"माझ्याच्यानं काच कापणं होणार नाही आता," एकदा काकू हळूच म्हणाल्या. "दुसरं कोणी बघा, जाऊबाई."

दवाखान्यात ताईंनी बोट पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "बँड गेलेला दिसतोय. स्प्रिंगा आल्यात, बदलून टाकू." ती तिथेच बशीत चमकत होती. तेव्हा मला जे वाटलं ते सांगायची सोय नाही. ताईंनी मला सोडवून माझी ओढ मोजली, तर ती अगदी बरोबर भरली. चक्रावून त्यांनी मला परत बांधलं. "करून दाखवा बरं, काकू."

"थांबा," जाऊबाई म्हणाल्या आणि त्यांनी सवयीने पिशवी काढली.

ताईंनी ती चाचपून पाहिली, चांगलीच गरम होती. मग त्यांनी मला आणि स्प्रिंगला शेजारी शेजारी टांगलं, दोघांना किल्ल्यांचे जुडगे अडकवले आणि पिशवी जवळ धरली. स्प्रिंगच्या किल्ल्या जागच्या हलल्या नाहीत. माझ्या किल्ल्या मात्र सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वर चढल्या.

"मेलं उलटंच हे," जाऊबाई पुटपुटल्या. "म्हणजे बोट मीच वाकडं करत होते?"

"प्रेमानं करत होतात," काकू म्हणाल्या, आणि बऱ्याच दिवसांनी हसल्या.

"स्प्रिंग लावू का मग?" ताईंनी विचारलं.

"नको. आता हाच असू दे, सवय झालीय," काकू म्हणाल्या.

गुणांसाठी नाही, सवयीसाठी ठेवलं. तरी मी ते पदरात पाडून घेतलं. शेक थांबला आणि बोट पुढे पुढे सरकत एके दिवशी साच्याला टेकलं.

पुढे साचा उतरला. ताईंनी मला आकडीतून सोडवलं आणि म्हणाल्या, "आता तुमचं तुम्ही वाकवा." काकूंनी डोळे मिटले. बोट हळूहळू वाकलं आणि तळहाताला टेकलं. माझ्याशिवाय. जाऊबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "कंडरा पक्की निघाली हो." माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.

त्या दिवसापासून मी स्प्रिंगला विसरलो आहे. आता मला त्या कंडरेचा हेवा वाटतो. हवेने आणि उन्हाने माझ्या अंगावर बारीक चिरा पडल्या आहेत. तुमच्या घरी माझी भावंडं असतील. त्यांना उन्हात टाकू नका, काम नसताना ताणून ठेवू नका आणि सैल करायला म्हणून शेकू तर मुळीच नका. कंडरा तुटली तेव्हा तिला शिवणारे होते, जपणारे होते, आणि ती जुळली. आम्ही तुटलो की तुटलोच.