हांदमाताईची उंटीण

"आठ! आठ जंगली उंट!" उलानबातरहून आलेले मास्तर दुर्बीण सोडायला तयार नव्हते.

"सात," हांदमाताई म्हणाली. "आठवी माझी."

खरंच की. बारीक, टोकदार वशिंडांच्या त्या रानटी उंटांत एक जाडजूड उंटीण झऱ्यावर पाणी पीत होती. नाकात लाकडी खुंटी, शेजारी काटकुळं पिल्लू. दोन हिवाळ्यांपूर्वी माजावर आलेल्या जंगली नराने तिला पळवलं, तेव्हा ताईने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. मागच्या हिवाळ्यात बर्फाने बाकीचा कळप नेला. आता ताईचं म्हणावं असं एवढंच जनावर उरलं होतं. मी पाहुण्यांना जंगली उंट दाखवायला घेऊन निघालो, तशी तीही फटफटी घेऊन मागोमाग आली.

तिने लांबलचक हाक मारली. उंटिणीने मान वर केली आणि पुन्हा पिल्लाला चाटू लागली.

"पिल्लू धरायला हवं," ताई म्हणाली. "पिल्लू तंबूपाशी बांधलं की आई चरून आपोआप परत येते. जन्मभर हेच करत आलो ना आपण?"

"ताई, त्याचा बाप जंगली आहे."

"असेना का! दूध माझ्या उंटिणीचं पितंय. तू पाहुणे सांभाळ, योंदोन."

तिने पिल्लामागे फटफटी घातली. आमची पिल्लं थोडं पळतात आणि आईसाठी थांबतात. हे थांबेना. बाकीचे डोंगराकडे उधळले, आई धापा टाकत मागे पडली, आणि हे एकटंच सरळ पळत सुटलं. कोरड्या ओढ्यात त्याचे पुढचे पाय दुमडले. आम्ही पोचलो तेव्हा ताई त्याची छाती चोळत होती. "ऊठ रे, ऊठ माझ्या राजा!" तोंडाला फेस होता, श्वास नव्हता.

उंटीण चालत आली. तिने पिल्लाला हुंगलं आणि तिथेच बसली. ताईने खुंटीला दोर बांधून ओढलं, दटावलं, गोंजारलं. ती हलली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"दोन दिवसांत विसरेल," मास्तर म्हणाले.

शहरातल्या माणसाला काय सांगणार? पिल्लू जिथे मेलं, ती जागा उंटीण कधी विसरत नाही.

"ओढत नेली, तरी सुटून इथेच येणार ही," ताई म्हणाली. "आणि इथे ना पाणी, ना गवत." तिने दोर टाकला आणि उंटिणीच्या पाठीला टेकून बसली. "मग मी तरी घरी जाऊन काय करू, योंदोन?"