शुक्रवारचं तिकीट

आमचे यजमान नागेश २००७ च्या एप्रिलमध्ये आठ दिवस फ्लोरेन्सला राहून आले आणि येताना त्यांनी छत्तीस फोटो आणले. त्यांतले तेहेतीस एका पंपाचे होते. दोन त्याच पंपाच्या मागच्या बाजूचे. उरलेला एक हॉटेलातल्या जेवणाचा, "बघ, हे असलं खाऊन दिवस काढले" याचा पुरावा म्हणून.

यात तसं नवल काही नाही. नागेश क्वालिटी इन्स्पेक्टर आहेत. इथे सौदीत रास तनुराच्या रिफायनरीत बसणारी यंत्रं आधी कारखान्यात जाऊन तपासायची, हे त्यांचं काम. जगातली कुठलीही वस्तू समोर ठेवा, ते आधी तिच्यावर तडा शोधतात. मला पाहायला आले होते तेव्हाही बहुधा तेच शोधत असावेत. मी किशोरी, सांगलीची, कोल्हापुरात चित्रकला शिकले आणि गेली नऊ वर्षं इथे दम्मामला एका इंडियन स्कूलमध्ये ड्रॉइंग टीचर आहे. म्हणजे गॅदरिंगचे पडदे रंगवते आणि मुलांकडून 'पाणी वाचवा'चे तक्ते करून घेते. फ्लोरेन्स मला गल्लीबोळांसकट पाठ आहे, पण तिथे गेले नागेश. दात आहेत तिथे चणे नाहीत, म्हणतात ते हेच.

आता मूळ दुखण्याकडे येते. माझ्याकडे इटलीतल्या चित्रांचं एक जाडजूड पुस्तक आहे, कॉलेजात पहिली आले म्हणून मिळालेलं. १९९८ साली आम्ही पहिल्यांदा इकडे यायला निघालो, तेव्हा आदल्या दिवशी नागेश यांनी ते पुस्तक मांडीवर घेतलं, जाड काळा मार्कर घेतला, पट्टी घेतली, आणि चित्रांत जिथे जिथे त्यांना कपडा कमी वाटला तिथे तिथे काळे चौकोन भरले. सतरा जागी. पट्टी लावून! कडा काय सरळ, कोपरे काय नव्वद अंशांचे! शिंपल्यावर उभी असलेली ती जगप्रसिद्ध सुंदरी डोक्यापासून पायापर्यंत गेली, मागे शिंपला उरला. "तिकडे एअरपोर्टवर उगाच भानगड नको," असं त्यांचं म्हणणं. मी स्वयंपाकघरात लाडू बांधत होते. बाहेर येऊन पाहिलं तेव्हा सतरावा चौकोन सुकत होता.

आणि एअरपोर्टवर काय झालं? तिथल्या माणसाने आमची बॅग उघडलीसुद्धा नाही. लोणच्याच्या बरणीचा वास आला असेल, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाला, "यल्ला, यल्ला." चला, निघा.

नऊ वर्षं ते पुस्तक कपाटात आहे. त्या सुंदरीच्या केसांचा रंग मला आठवतो असं वाटतं, पण खात्री राहिलेली नाही. ती कुठे बघत होती, समोर की बाजूला, तेही आता आठवत नाही. दुसरीकडे कुठेतरी ते चित्र मला पाहता आलं असतं, हे मला कळतं. सुट्टीत सांगलीला गेले की लायब्ररीत जाऊन दहा पुस्तकं उघडता आली असती. पण मला ते ज्याने झाकलं त्याच्याकडूनच परत हवं होतं. इतकी वर्षं मी यावरून टोमणे मारले आणि एवढ्या वर्षांत या गृहस्थांनी एकदाही "चुकलं" असं म्हटलं नाही.

मार्चमध्ये यांनी जेवताना सांगितलं, "पंपाच्या टेस्टला जायचंय. फ्लोरेन्स म्हणून एक गाव आहे." 'म्हणून एक गाव आहे'! हातातली पोळी मी खाली ठेवली.

"मी येऊ?" मी विचारलं.

"तिथे काय आहे बघण्यासारखं? कारखाना गावाबाहेर आहे," हे म्हणाले. मग म्हणाले, "आणि व्हिसाचं पत्र कंपनी एकाचंच देते."

आमची तेरा वर्षांची अमिता ताटावरून उठत म्हणाली, "आई, प्लीज, डोन्ट स्टार्ट." म्हणून मी स्टार्ट केलं नाही. मी दोनशे पानी वही आणली आणि सूचना लिहायला बसले.

सूचना भरपूर होत्या. तिथल्या चित्रांच्या गॅलरीची रांग दोन दोन तास असते, म्हणून मी कॉलिंग कार्ड घालून थेट इटलीला फोन लावला आणि यांच्या नावाने वेळ राखून ठेवली. सोमवारी गॅलरी बंद, शनिवार-रविवार म्हणजे कामाचे दिवस, म्हणून सुट्टीचा दिवस धरला. शुक्रवार, सकाळी साडेआठ. राखीव नंबर वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिला. आणि शेवटच्या पानावर सतरा चौकोनांची यादी काढली, पुस्तकातल्या पानांच्या आकड्यांसकट. खाली लिहिलं: 'यांतली जी भेटतील ती बघा, आणि झाकलेल्या जागी काय आहे ते मला सांगा. एवढंच करा. बाकी काही आणू नका.'

शुक्रवारी संध्याकाळी मी फोन केला. "काय काय पाहिलंत?"

"पाय दुखतायत," हे म्हणाले. "आल्यावर बोलू."

रविवारी संध्याकाळी पुन्हा केला. "काय करताय?"

"रिपोर्ट लिहितोय."

धन्य! फ्लोरेन्ससारख्या गावात, वसंत ऋतूत, संध्याकाळच्या वेळी हा माणूस खोलीत बसून पंपाचा रिपोर्ट लिहितोय. आले ते ऑलिव्ह तेलाची एक बाटली, हॉटेलातल्या शाम्पूच्या अकरा छोट्या बाटल्या आणि ते छत्तीस फोटो घेऊन.

"चित्रं बघितलीत?" मी विचारलं.

"बघितली."

"कशी होती?"

"चांगली होती."

"आणि त्या सतरा जागा?"

"सांगतो. घाई काय आहे?" असं म्हणून हे अंघोळीला गेले. तीन आठवडे झाले तरी सांगितलं नाही. मी काय समजायचं ते समजले. रांगेत उभं राहायचा कंटाळा आला असणार. खोटं बोलणं जमत नाही, म्हणून गप्प. तीन आठवडे आमच्या घरात मीठ संपलंय आणि गॅस संपलाय यापलीकडे संभाषण झालं नाही.

अशात अण्णासाहेबांचा फोन आला. अण्णासाहेब म्हणजे दम्मामच्या आम्हा मराठी मंडळींचे अध्यक्ष. त्यांना कुणी निवडलं हे कुणालाच माहीत नाही. एकदा चार दिवस सिंगापूरला जाऊन आले, तेव्हापासून प्रवास या विषयावर त्यांचं शेवटचं मत असतं. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी त्यांच्याकडे मिसळ असते. "या खेपेला मिसळीनंतर नागेशराव बोलतील," त्यांनी जाहीर केलं. "विषय: फ्लोरेन्सला जाणाऱ्यांसाठी उपयुक्त सूचना. सुट्टीत युरोप करायचा म्हणतायत लोक."

नागेश माझ्याकडे आले. "तुझी ती वही वाचून दाखवू का?"

"वाचा की," मी म्हटलं. "नाहीतरी जाऊन आलेल्यापेक्षा न गेलेल्या माणसालाच जास्त माहिती आहे." टोमणा ऐकून न ऐकल्यासारखं करून हे वही घेऊन गेले.

तर शुक्रवारी, पाव संपल्यावर आणि कट दुसऱ्यांदा फिरल्यावर, आमचे वक्ते उभे राहिले. चाळीस माणसं, मी अण्णासाहेबांच्या अलकाताईंशेजारी. नागेश यांनी चष्मा लावला आणि बॉयलरचा दाब वाचावा तशा आवाजात सुरुवात केली.

"कॉफी उभ्याने प्यावी. बसल्यास जास्त पैसे पडतात."

"सिंगापूरला असं नाही," अण्णासाहेब म्हणाले.

"बसचं तिकीट घेऊन भागत नाही. आत चढल्यावर मशीनमध्ये घालून छाप मारावी, नाहीतर दंड. चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत."

"म्हणजे आपल्याकडच्यासारखंच," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

"मोठ्या घुमटाला चारशे त्रेसष्ट पायऱ्या आहेत. लिफ्ट नाही. सकाळी लवकर चढावं. जुन्या पुलावर सोनारांची दुकानं आहेत." इथे यांनी वहीतून डोकं वर काढलं आणि स्वतःचं एक वाक्य घातलं. "भाव दम्मामपेक्षा जास्त आहे. घेऊ नये." बायकांनी माना डोलावल्या. माझ्या दोनशे पानी वहीतून लोकांना पटलेलं हे पहिलं वाक्य, आणि ते माझं नव्हतं.

"सूर्यास्ताच्या वेळी नदीपलीकडच्या टेकडीवर जावं. शहर सोन्यासारखं दिसतं," नागेश वाचत होते आणि माझे कान तापत होते. हे वाक्य मी एका दुपारी लिहिलं होतं. लिहिताना मीच त्या टेकडीवर आहे असं मला वाटलं होतं. आणि हा माणूस ते दाबाच्या आकड्यासारखं वाचून पान उलटतोय.

शेवटी अण्णासाहेबांनी नको तो प्रश्न विचारला. "पण नागेशराव, तुम्ही स्वतः चित्रं वगैरे पाहिलीत का?"

मी साडीच्या पदराशी चाळा करू लागले. आता फजिती होणार, आणि होऊ दे, असंच मला वाटत होतं.

नागेश काही बोलायच्या आत जलाल हसला. जलाल रत्नागिरीकडचा, यांच्याच ऑफिसात बसतो. "पाहिली काय विचारताय, अण्णासाहेब? अहो, त्या चित्रांपायी मेमो खाल्लाय यानं! शुक्रवारी पंपाची टेस्ट होती, हा गेलाच नाय. तिकडचे लोक मशीन तयार ठेवून बसलेले. म्हणाला, उद्या करा. मग शनिवारी, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, सगळ्यांना बोलवायला लागलं. तक्रार आली, साहेब पेटला."

"शुक्रवारी टेस्ट?" मी बसल्या जागेवरून विचारलं. "शुक्रवारी सुट्टी नव्हती?"

"वहिनी, तिकडं कशी असेल शुक्रवारची सुट्टी?" जलाल म्हणाला. "तिकडं रविवार असतो ना. तुम्हाला सांगितलं नाय काय यानं?"

चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. नऊ वर्षं गुरुवार-शुक्रवार सुट्टी घेऊन घेऊन मी साफ विसरले होते की उरलेलं जग रविवारी झोपतं. चारशे त्रेसष्ट पायऱ्या मला पाठ होत्या. वार कोणता, एवढंच माहीत नव्हतं. आणि गंमत म्हणजे माझी वही तपासून, सही करून बॅगेत भरणारा क्वालिटी इन्स्पेक्टरही तेच विसरला होता. एका घरात दोन पदवीधर!

"गुरुवारी कळलं," नागेश खाली बघत म्हणाले. "मॅनेजर म्हणाला, उद्या आठला भेटू. पण तिकीट शुक्रवारचं होतं." आणि वही मिटून बसले. टाळ्या वाजवायच्या की नाहीत हे कुणाला कळेना. अण्णासाहेबांनी चहा सांगितला.

नोकरीच्या अठरा वर्षांत या माणसाने एकही टेस्ट चुकवलेली नव्हती. अमिताच्या जन्माच्या वेळी हे रत्नागिरीला एका टाकीत उतरून वेल्डिंग बघत होते. त्यांना मेमो मिळाला आणि ते मला बोलले नाहीत. मी तीन आठवडे मिठाबद्दल बोलत राहिले. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो.

घरी आल्याआल्या मी विचारलं, "का नाही सांगितलंत? पाहिलं होतंत तर तीन आठवडे तोंड का शिवून बसलात?"

"ड्राफ्ट होता," नागेश म्हणाले. "फेअर झाल्याशिवाय मी रिपोर्ट देत नाही. तुला माहीत आहे."

त्यांनी ब्रीफकेस उघडून चार कागद काढले. कंपनीचा छापील इन्स्पेक्शनचा फॉर्म, आणि त्यात त्यांच्या त्या आखीव अक्षरात, मराठीत, सगळे रकाने भरलेले. आत फोटो काढू देत नाहीत, म्हणून उभ्याने लिहिलं होतं, तेच आता फेअर केलं होतं. एकूण जागा: सतरा. प्रत्यक्ष पाहिल्या: नऊ. न सापडलेल्या: आठ. पहारेकऱ्याला यादी दाखवली, तो म्हणाला त्या दुसऱ्या शहरांत आहेत.

मी पान उलटलं. पुस्तकातलं पान ६४: 'बाई, बसलेली. मांडीवर मूल. मुलाचा उजवा पाय थोडा आखूड वाटतो. हसू आहे.' पान ८७: 'तीन बायका, हात धरून. कपडा पातळ. पण आहे. झाकण्यात घाई झाली.'

पान ११२ ला मी खाली बसले.

'बाई, शिंपल्यावर उभी. अंदाजे पूर्ण मापाची. केस तांबूस सोनेरी, गुडघ्यापर्यंत, वाऱ्याने डावीकडून उजवीकडे. मान जरा लांब. डावा खांदा उतरता, पण खटकत नाही. बघते आपल्याकडे, पण आपल्याला बघत नाही. चेहरा थोडा उदास. चाळीस मिनिटं उभा होतो. दोनदा बाजूला व्हायला सांगितलं. दोष: आढळला नाही. झाकण्यासारखं काही आढळलं नाही. शेरा: १९९८ सालचं काम चुकीचं. चूक निरीक्षकाची.' खाली सही.

मी ते परत वाचलं. नागेश सोफ्यावर बसून बूट काढत होते आणि माझ्याकडे मुळीच बघत नव्हते.

"तिच्यामागच्या समुद्राचा रंग लिहिला नाहीत," मी म्हटलं.

"पुढचा रकाना वाच," ते म्हणाले.

फॉर्मचा शेवटचा रकाना पुनर्तपासणीचा असतो. तिथे लिहिलं होतं: 'आवश्यक. मला रंगांतलं कळत नाही. निरीक्षक: किशोरी.' पुढे तारखेची जागा कोरी होती.

मी त्यांच्या खिशातलं पेन घेतलं आणि तिथे लिहिलं: शुक्रवार आणि सोमवार सोडून.