तीन नंबरची दुपार

मी तीन नंबर बोलतोय. पॅसेजच्या भिंतीवर छताला चिकटून बसलेला पांढरा कॅमेरा, कपाळावर बारीक निळा दिवा. वर बघून केस सारखे करू नका. माझ्यासमोर सगळेच तेवढ्यापुरते सभ्य होतात.

संशय घेणं हा माझा धंदाच आहे. कारखान्यात मला जोडलं आणि नजर तपासायला काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या एका तक्त्यासमोर धरलं. त्या बिचाऱ्या तक्त्याने काय गुन्हा केला होता कोण जाणे, पण मी त्याच्याकडेही रोखूनच बघितलं. मग सात महिने दुकानात डब्यात काढले. डब्यावर छापलं होतं, 'आवाज रेकॉर्ड होत नाही.' खरं आहे, होत नाही. पण माणसांच्या घरात राहिलं की आपोआप ऐकू यायला लागतं.

या घरात आम्ही चार कॅमेरे. लेकीने बसवून घेतले. ती लांब राहते आणि फोनवर घर बघते. घरात बाबा, आई आणि आईंना सांभाळायला दिवसभर येणाऱ्या मावशी. बाबांची सगळी नोकरी एका कारखान्याच्या भांडारात गेली. मोजल्याशिवाय त्यांनी कुणाला एक खिळा दिला नाही. आईंना गेल्या वर्षी झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, बोलणं अडखळायला लागलं. त्या मागच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात आणि मावशींच्याच हातून जेवतात. माझ्यासमोर पॅसेज, ती खोली, ती खुर्ची आणि मागचं दार.

वायरिंगच्या दिवशीच वाजलं. वायरमन म्हणाला, "काका, भिंतीत खाच मारावी लागेल." बाबा म्हणाले, "रंग परवाच दिलाय. भिंतीला हात लावायचा नाही." मग माझी वायर माळ्यावरून वळसा घालून आली. बाकी तिघांना हॉलमधल्या रेकॉर्डिंगच्या डब्यातून वीज मिळते. माझ्यापर्यंत येईस्तोवर तिचा जीव जायचा आणि चित्र थरथरायचं. शेवटी वायरमनने मला वेगळा अडॅप्टर दिला, त्याची वायर माझ्या बरोबर खाली असलेल्या बोर्डात जोडली आणि बटणावर कागदाची पट्टी चिकटवली, 'बंद करू नये.' तो बोर्ड मला दिसत नाही. माझ्या पायाखालचं मला काहीच दिसत नाही.

पहिला आठवडा बरा गेला. मग रोज दुपारी दीडला माझ्यापुढे अंधार व्हायला लागला. डोळा उघडायचा तो थेट चारला. मधे फक्त धडपडल्याचे आणि हुंदक्यांचे आवाज कानावर यायचे.

उघडला की मी आधी खोली तपासायचो, आणि काहीतरी हललेलं असायचंच. खुर्ची खिडकीपासून हातभर पुढे. चादर चुरगळलेली. आईंचे डोळे ओले, मावशी घामाघूम. माझी खात्री पटली, ही बाई माझा डोळा झाकून काहीतरी करते. काय करते ते कळेना, म्हणून तर जास्तच खात्री पटली.

घरातून काहीच गेलं नव्हतं. बाबांनी कपाट दोनदा तपासलं, सगळं जागच्या जागी होतं. त्याचाच त्यांना राग आला.

लेकीचा फोन यायचा. "बाबा, आजही दीड ते चार काळं! नेमकं तुम्ही झोपता तेव्हाच कसं?"

"मीही तेच म्हणतोय," बाबा म्हणायचे.

वायरमन आला तो सकाळी दहाला, तेव्हा मी अगदी ठणठणीत. त्याने माझी वायर दोन नंबरच्या जागी लावून बघितली, पिन कापून नवी बसवली, रेकॉर्डिंगच्या डब्यावर फुंकर मारली, माझ्या मानेवरचं जाळं काढलं. त्या कोळ्यावर माझा पहिल्यापासून संशय होता. मग तो हात झटकत म्हणाला, "वायर चांगली, डबा चांगला, कॅमेरा चांगला. कुणीतरी बंद करतंय, काका."

बाबांनी मागच्या खोलीकडे बघितलं. मीही तिकडेच बघत होतो. मला मान वळवता येत नाही, एवढीच माझी सबब.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "मावशी, दुपारी कॅमेऱ्याला हात लावता का?"

"नाही हो. माझा हात तरी पोचेल का तिथे?"

"पण तो बंद पडतो, हे माहीत आहे ना तुम्हाला?"

 मावशींना माहीत होतं, चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्यांनी आईंकडे बघितलं. आईंनी डावा हात हलवला, 'नको, नको' असा.

"उद्यापासून येऊ नका," बाबा म्हणाले.

सापडला एकदाचा चोर, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी घास पुढे केला, आईंनी तोंड मिटून घेतलं. तासभर तसंच चाललं. आणि दीड वाजता, मावशी घरात नसताना, मी बंद पडलो.

लेकीने ते फोनवर बघितलं आणि तिथूनच फोन करून वायरमनला लगेच घरी धाडलं. माझा डोळा मिटलेला होता, कान नाही. तो शिडीवर चढला, मीटर लावला, म्हणाला, "वीजच येत नाहीये." मग माळ्यावरून वायर चाचपत चाचपत माझ्या खाली येऊन थांबला.

"हे बटण कुणी बंद केलं? यावर मी पट्टी लावली होती."



"पट्टी मी काढली," बाबा म्हणाले. "नव्या रंगावर घाण दिसत होती. आणि बटण... जेवण झालं की घरातली सगळी रिकामी बटणं बंद करून मी झोपतो. उठलो की चालू करतो. भांडारातली सवय आहे. त्यातलं एक कॅमेऱ्याचं, हे लक्षातच राहिलं नाही."

रोज दीडला माझ्या खाली 'खट्' वाजायचं. मी ते रोज ऐकत होतो. पण मालकावरही संशय घ्यायचा असतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. फार लाज वाटली हो.

बाबा तसेच चपला घालून मावशींच्या घरी गेले. सकाळी मावशी आल्या, पण खोलीच्या दारातच उभ्या राहिल्या.

"काल तुम्ही माझ्या दारात हात जोडलेत, म्हणून आले. पण एक अट आहे. दुपारी ते बटण बंदच ठेवायचं."

बाबा चमकले. मी तर हबकलोच. मावशींनी आईंकडे बघितलं, आईंनी मान हलवली, तेव्हा कुठे मावशी पुढे बोलल्या.

"दुपारी मी यांना उभं करते. दोन पावलं टाकतात, पडतात, रडतात. लेकीने ते बघितलेलं यांना नकोय. वरचा निळा दिवा विझला की मगच उठायला तयार होतात. कुणाला सांगणार नाही, असा शब्द घेतला होता माझ्याकडून."

"मला तरी सांगायचंस," बाबा आईंना म्हणाले.

आईंनी एकेक शब्द सावकाश काढला. "तुम्ही... मोजत... बसाल."

तेव्हापासून दीडचं 'खट्' ठरवून होतं. लेकीलाही सांगितलंय, दुपारी चित्र नसतं. का, ते ती विचारत नाही. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल आणि तो बंद पडला, तर माणसाला बोल लावायच्या आधी त्याची वायर शेवटपर्यंत चाचपा. त्याचं ऐकू नका. आमच्या जातीला अर्धंच दिसतं.

काल चारला डोळा उघडला. समोर बाबा, मागच्या दाराशी. मावशी पॅसेजमध्ये, दोन्ही हात पुढे धरून, पण हातात कुणी नाही. खुर्ची रिकामी! मग बटण दाबलं कुणी? माझा जुना संशय खडबडून जागा झाला.

तेवढ्यात माझ्या खालून एक पांढरं डोकं पुढे सरकलं. मग भिंतीला टेकलेला डावा हात. आई. खोलीपासून बोर्डापर्यंत चालत आल्या होत्या आणि आता परत निघाल्या होत्या. बाबांचे ओठ हलत होते, मोजतच होते बहुतेक. मधेच आई थांबल्या, वळल्या, मान वर करून थेट माझ्या डोळ्यात बघितलं आणि म्हणाल्या, "बघ... गं."

लेकीला फोनवर फक्त ओठ हललेले दिसतील. माझा आवाज रेकॉर्ड होत नाही. बाबा, तेवढं तिला फोन करून सांगा.