दुपारची बॅच

घटस्थापना तोंडावर आली होती. दिगंबर मार्केट यार्डात आडत्याच्या गाळ्यावर कांदा विक्रीच्या हिशेबपट्ट्या लिहीत बसला होता. तेवढ्यात शेजारच्या इंदुबाईंचा फोन आला. मागे बायकांचा गलका ऐकू येत होता.

"भाऊ, कॅनॉलवर या. लगेच या."

एवढं बोलून त्या रडायलाच लागल्या.

तो पोचला तेव्हा त्याच्या बायकोला, हेमाला, काठावर आणून ठेवलं होतं. अंगावर कुणाचं तरी लुगडं टाकलेलं होतं.

दर वर्षीप्रमाणे वस्तीतल्या बायका गोधड्या धुवायला गेल्या होत्या. भिजलेली गोधडी फार जड होते. पाण्याने ती ओढली आणि हेमाने ती सोडली नाही. काठावर एवढ्या बायका होत्या, पण एकीलाही पोहता येत नव्हतं. इंदुबाईंनी दुसरी गोधडी हेमाकडे फेकली. ती तिच्या हाताला लागली नाही.

त्या दिवसापासून दिगंबरला पाण्याची भीती बसली. नळ सुरू झाला तरी तो दचकायचा. पिंपावर झाकण आहे ना, हे पुन्हा पुन्हा बघायचा. नात ओवी आंघोळीला गेली की मोरीच्या दाराबाहेर उभा राहायचा.

"ओवी, पाढे म्हण! मोठ्याने!"

आतून पाढे ऐकू येत राहिले, की त्याला श्वास घेता यायचा. सून अक्षता म्हणायची, "अहो बाबा, पोरगी मोठी झाली आता." तो ऐकायचा नाही.

एकदा इंदुबाई घरी आल्या. त्यांच्याबरोबर त्यांची नात सृष्टी होती.

"भाऊ, चौकापलीकडे पोहण्याचा तलाव आहे. आपल्या सगळ्यांच्या करातून बांधलेला. ठेकेदाराकडे गेल्यापासून फी आपल्या आवाक्यात नाही. बायकांची बॅच ठेवलीय भर दुपारी. आम्ही तिथे बोलायला जाणार आहोत. तुम्ही चला. हेमाच्या नवऱ्याला ते हाकलणार नाहीत."

दिगंबर उसळला. "पाण्याने माझं घर बुडवलं आणि तुम्ही मला पाण्याकडे बोलावता? माझी ओवी पाण्याजवळ जाणार नाही. हा विषय माझ्या घरात नको!"

"पाण्याजवळ तर आपण राहतोच," इंदुबाई म्हणाल्या. "खिडकीतून दिसतो की कॅनॉल. तो काही कुणाला फी मागत नाही."

त्याने दार लावून घेतलं.

पुढच्या रविवारी ओवी आंघोळीला गेली. तो नेहमीसारखा बाहेर उभा होता. सातचा पाढा चालू होता. मध्येच आवाज थांबला.

"ओवी?"

उत्तर नाही.

"ओवी! अक्षता, धाव!"

त्याने दारावर खांदा मारला. कडी निखळली. ओवी मोठ्या टपापाशी वाकली होती आणि तिचं डोकं पाण्यात होतं. त्याने तिला केसांना धरून वर खेचलं. ती खोकली आणि घाबरून त्याच्याकडे बघत राहिली.

"आजोबा, मारू नका. मी श्वास धरायला शिकत होते. आजीला कुणी शिकवलंच नव्हतं ना!"

दिगंबर ओल्या फरशीवर बसला. अरे देवा! ज्या भीतीने आपण पोरीला जपत होतो, त्याच भीतीने तिला या टपापर्यंत आणलं!

संध्याकाळी तो इंदुबाईंच्या दारात गेला. "ओवीला तलावावर घालतो. फीचं मी बघेन."

"घाला. चांगलंच आहे," इंदुबाई म्हणाल्या. "पण उद्या सृष्टी बुडायला लागली, तर काठावर एकटी ओवी काय काय करेल? त्या दिवशी आम्ही एवढ्या जणी होतो, भाऊ. काय उपयोग झाला?"

दुसऱ्या दिवशी तो बायकांबरोबर तलावावर गेला.

फीच्या खिडकीतल्या माणसाने मान वर केली नाही. "बायकांची बॅच बारा ते एक. पाटी वाचता येते ना?"

"येते," इंदुबाई म्हणाल्या. "बारा ते एक आम्ही लोकांची भांडी घासतो. तुमच्या घरची कोण घासतं?"

"दुपारी कुणी येत नाही, म्हणजे बायकांना गरज नाही. सरळ आहे."

दिगंबर पुढे झाला. कठड्यापलीकडे निळं पाणी दिसत होतं. तो मागे सरला नाही.

"माझी बायको कॅनॉलमध्ये गेली. इथून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. तिची गरज कुठल्या पाटीवर लिहू?"

त्या माणसाने पहिल्यांदा वर पाहिलं. "काका, माझ्या हातात काही नाही. वर बोला."

ते वरही बोलले. पालिकेतल्या साहेबांनी चहा दिला आणि विचार करतो म्हणाले.

नागरिकहो, पोहता येणं ही श्रीमंतांची हौस समजू नका. ज्या शहरातून नदी आणि कॅनॉल वाहतात, तिथे ते रस्ता ओलांडता येण्याइतकंच गरजेचं आहे. भीतीने मुलं वाचत नाहीत. ती शिकवल्याने वाचतात, आणि सगळ्यांना शिकवलं तरच वाचतात. सार्वजनिक तलावाचं दार कष्टकरी बाईला तिच्या वेळेला आणि तिच्या ऐपतीत उघडलं पाहिजे.

ओवी आता तरंगते. ती पाण्यात असताना दिगंबर कठडा घट्ट धरून उभा असतो. त्याची भीती गेलेली नाही. दर सोमवारी तो आणि इंदुबाई साहेबांकडे जातात. संध्याकाळची बॅच अजून सुरू झालेली नाही. फी कमी झालेली नाही. सृष्टीला अजून पोहता येत नाही.